निकोलाय वाविलोव्ह: सफरचंदाचं मूळ गाव शोधणारा माणूस आणि रानातल्या झाडांचे डीएनए मार्कर

बाजारातल्या सफरचंदावर एक छोटा स्टिकर असतो. ते फळ वॉशिंग्टनहून आलं की न्यूझीलंडहून, एवढं त्यावरून कळतं. पण सफरचंदाचं झाड मुळात कुठल्या रानातलं? आज या प्रश्नाचं उत्तर शोधायला शास्त्रज्ञ जंगली झाडांची पानं गोळा करतात, त्यातला डीएनए काढतात आणि जेनेटिक मार्कर वापरून झाडांचं नातं लावतात.

गंमत म्हणजे यातलं काहीच हाताशी नसताना, १९२९ साली एका रशियन वनस्पतिशास्त्रज्ञाने डोंगर ओलांडून, नुसती झाडं बघून याचं उत्तर दिलं होतं. त्यांचं नाव निकोलाय वाविलोव्ह. लोकांना पुरेसं खायला कसं मिळेल, या एका प्रश्नामागे त्यांनी आयुष्य घातलं आणि १९४३ मध्ये तुरुंगात उपासमारीने त्यांचा मृत्यू झाला. आज त्यांची गोष्ट बघू. हे मार्कर म्हणजे काय आणि ते तयार कसे करतात, तेही वाटेत समजून घेऊ.

सुरुवात: गोगलगायींपासून मेंडेलपर्यंत

वाविलोव्ह यांचा जन्म २५ नोव्हेंबर १८८७ चा, मॉस्कोतला. वडील खेड्यातल्या गरीब घरातून शहरात आले आणि कापडाच्या व्यापारात मोठे झाले. धाकटा भाऊ सेर्गेई पुढे नामवंत भौतिकशास्त्रज्ञ झाला. निकोलाय चार वर्षांचा असताना, १८९१-९२ मध्ये, रशियात भीषण दुष्काळ पडला होता. पीक बुडालं की गावंच्या गावं उपाशी राहतात, हे त्या पिढीला पुस्तकात वाचावं लागलं नाही.

निकोलाय मॉस्कोच्या कृषी संस्थेत शिकला. पिकं खाणाऱ्या बिनशंखाच्या गोगलगायींवर त्याने पदवीचा प्रबंध लिहिला. १९१३ मध्ये तो इंग्लंडला गेला आणि विल्यम बेटसन यांच्या हाताखाली काम करू लागला. जेनेटिक्स हा शब्द रूढ केला तो याच बेटसन यांनी. मेंडेलचे नियम तेव्हा नव्याने सापडले होते आणि बेटसन त्यांचे मोठे प्रचारक होते.

मेंडेलचा नियम एका वाक्यात सांगायचा तर, प्रत्येक गुणासाठी संततीला एक प्रत आईकडून आणि एक बापाकडून मिळते. हे वाक्य लक्षात ठेवा. पुढे मार्करचं सगळं गणित यावर उभं राहणार आहे, आणि वाविलोव्ह यांच्यावरचं संकटही याच नियमामुळे आलं.

जिथे जास्त प्रकार, तिथे मूळ

१९१६ मध्ये इराणमधले रशियन सैनिक तिथली भाकरी खाऊन आजारी पडू लागले. कारण शोधायला वाविलोव्ह यांना पाठवलं. गव्हात मिसळलेल्या विषारी तणाचं बी त्यांनी शोधून काढलं. काम संपल्यावर घरी परतायचं सोडून ते पामीरच्या डोंगरात शिरले आणि तिथलं धान्य गोळा करत सुटले. ही त्यांची पहिली मोठी मोहीम.

पुढची सतरा वर्षं हेच चाललं. १९२४ मध्ये अफगाणिस्तान, १९२६-२७ मध्ये भूमध्य समुद्राभोवतीचे देश आणि इथिओपिया, १९२९ मध्ये पश्चिम चीन, जपान, तैवान, कोरिया, आणि नंतर उत्तर व दक्षिण अमेरिका. जिथे जातील तिथल्या बाजारातून, शेतातून, रानातून बियाणं घ्यायचं, पिशवीवर ठिकाण आणि उंची लिहायची आणि लेनिनग्राडला, म्हणजे आजच्या सेंट पीटर्सबर्गला, पाठवायचं. १९४० पर्यंत त्यांच्या संस्थेत सुमारे अडीच लाख नमुने जमले होते. आजच्या भाषेत ही जगातली पहिली मोठी जीन बँक.

या सगळ्यातून त्यांनी एक नियम मांडला. एखाद्या पिकाचे सगळ्यात जास्त प्रकार जिथे सापडतात, तिथेच ते पीक माणसाने प्रथम लावलेलं असण्याची शक्यता जास्त. १९२६ मध्ये त्यांनी पिकांच्या उगमाच्या केंद्रांवरचा आपला ग्रंथ प्रसिद्ध केला.

हे पटायला भाषेचं उदाहरण घ्या. वऱ्हाडी, कोल्हापुरी, आगरी अशा मराठीच्या कितीतरी बोली महाराष्ट्रात आहेत. मॉरिशसमध्येही मराठी लोक आहेत, पण तिथे गेलेल्या थोड्या माणसांबरोबर थोड्याच बोली गेल्या. उद्या एखाद्या परक्याने फक्त बोली मोजल्या, तरी मराठी मुळात कुठली हे त्याला सांगता येईल. वाविलोव्ह यांनी हीच युक्ती गव्हाला, मक्याला आणि बटाट्याला लावली. भारतीय उपखंड हे त्यांच्या यादीतलं एक केंद्र होतं. तांदूळ, वांगं आणि आंबा त्यात येतात.

१९२९: सफरचंदांचं जंगल

१९२९ मध्ये पश्चिम चीनमधून तिएन शान पर्वत ओलांडून वाविलोव्ह आजच्या कझाकस्तानातल्या अल्माटीला पोहोचले. तेव्हा या शहराचं नाव होतं अल्मा-अता. कझाक भाषेत अल्मा म्हणजे सफरचंद. शहराच्या आसपासचे डोंगर जंगली सफरचंदांनी भरलेले होते. कुठे गोटीएवढी आंबट फळं, कुठे बागेतल्या फळाच्या तोडीस तोड मोठी आणि गोड. लाल, पिवळी, हिरवी, सगळी एकाच उतारावर.

इतके प्रकार का, याचं कारण सफरचंदाच्या स्वभावात आहे. बहुतेक सफरचंदाच्या झाडांना स्वतःचा पराग चालत नाही, दुसऱ्या झाडाचा लागतो. त्यामुळे बी पेरलं की प्रत्येक रोप वेगळं निघतं. म्हणूनच बागेत हापूससारखं कलम करावं लागतं. एका जातीची सगळी कलमं म्हणजे एकाच झाडाच्या कॉपी-पेस्ट प्रती. रानात मात्र कलम कोण करणार? तिथे प्रत्येक झाड म्हणजे नवी व्हर्जन.

वाविलोव्ह यांनी आपला नियम लावला आणि ठरवलं की सफरचंदाचं मूळ गाव हेच. १९३० मध्ये लंडनच्या आंतरराष्ट्रीय उद्यानविद्या परिषदेत त्यांनी तुर्कस्तान आणि कॉकेशसमधल्या जंगली फळझाडांवर निबंध सादर केला. तुर्कस्तान म्हणजे इथे मध्य आशियाचा तो भाग, आजचा तुर्की देश नव्हे.

डोळ्याने दिसतं त्यात अडचण काय?

वाविलोव्ह यांच्याकडे मोजायला होतं ते डोळ्यांना दिसणारं: फळाचा आकार, रंग, चव, पानाची ठेवण. या गोष्टी फसवू शकतात. चांगली माती आणि पाणी मिळालं की त्याच जातीचं फळ मोठं होतं. आणि जवळच्या बागेतून मधमाशीने पराग आणला असेल तर रानातलं झाड अर्धं बागेतलं असूनही दिसायला पूर्ण रानटी दिसू शकतं.

म्हणून अशी खूण हवी, जी माती-पाण्याने बदलत नाही, आई-बापाकडून सरळ उतरते आणि झाडागणिक वेगळी असते. अशा खुणेलाच जेनेटिक मार्कर म्हणतात. यातला एक लोकप्रिय प्रकार म्हणजे मायक्रोसॅटेलाइट. हे तंत्र १९८९ च्या सुमारास पुढे आलं आणि १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात सफरचंदासाठी असे मार्कर तयार होऊ लागले. आपल्या फोनमधल्या सॅटेलाइटशी याचा काही संबंध नाही, नाव तेवढं सारखं.

मार्कर तयार कसा करतात?

पहिलं काम रानातलं. झाडाची दोन-चार कोवळी पानं तोडायची आणि सिलिका जेलच्या पिशवीत टाकायची. नव्या बुटांच्या खोक्यात जी पुडी येते, तेच सिलिका जेल. पान लवकर वाळलं की डीएनए खराब होत नाही. सोबत झाडाचं जीपीएस ठिकाण नोंदवायचं. वाविलोव्ह पिशवीवर गावाचं नाव लिहायचे, त्याचंच हे आजचं रूप.

दुसरं काम शोधाचं. डीएनए म्हणजे ए, टी, जी आणि सी या चार अक्षरांची लांबच लांब फाइल. तिच्यात काही ठिकाणी एकच तुकडा पुन्हा पुन्हा येतो, उदाहरणार्थ जीए-जीए-जीए-जीए. कोडिंग करणाऱ्यांना हे काम ओळखीचं वाटेल, रेजेक्स लावून फाइलमधला पॅटर्न शोधावा तसं. पेशी डीएनएची कॉपी काढताना अशा जागी अडखळते आणि एखादा तुकडा जास्त किंवा कमी होतो. त्यामुळे एका झाडात जीए १२ वेळा असेल, तर दुसऱ्यात १५ वेळा.

तिसरं काम प्रायमरचं. पुन्हा पुन्हा येणाऱ्या भागाच्या दोन्ही बाजूंना जी साधी अक्षरं असतात, त्यातली साधारण २०-२० अक्षरं निवडून तसे छोटे डीएनए तुकडे बनवून घेतात. हे झाले प्रायमर. फोनमध्ये एखादा मेसेज शोधताना आपण असा शब्द टाकतो जो फक्त त्याच मेसेजमध्ये असेल. प्रायमरही तसाच हवा, पूर्ण डीएनएत एकाच जागी बसणारा. मग पीसीआर मशीन दोन प्रायमरमधल्या भागाच्या प्रती काढतं. दर फेरीला प्रती दुप्पट होतात, म्हणजे ३० फेऱ्यांनंतर हिशेबाने एकाच्या १०० कोटींहून जास्त. कोविडच्या टेस्टमुळे पीसीआर हे नाव घराघरात पोहोचलं, तेच हे तंत्र.

चौथं काम मोजण्याचं. तयार झालेल्या प्रतींची लांबी मोजायची. तीन जीए जास्त असतील तर तुकडा सहा अक्षरांनी लांब येतो. प्रत्येक झाडाला एका मार्करसाठी दोन आकडे मिळतात, एक आईकडून आलेला आणि एक बापाकडून.

पाचवं काम चाळणीचं, आणि खरी मेहनत इथेच आहे. काही मार्कर सगळ्या झाडांत एकच आकडा देतात. त्यांचा उपयोग नाही. काही दोन ठिकाणी बसतात आणि गोंधळ करतात. काही झाडांत नेमकी प्रायमरच्या जागची अक्षरं बदललेली असतात, मग एक प्रत उमटतच नाही आणि झाड आहे त्यापेक्षा वेगळं दिसतं. हे पकडायला एक झाड आणि त्याच्याच बियांची रोपं एकत्र तपासतात. प्रत्येक रोपात आईचा एक आकडा दिसलाच पाहिजे. दिसला नाही, तर कुठेतरी गडबड आहे. म्हणजे तपासणीचा नियम शेवटी मेंडेलचाच.

चाळणीतून उरलेले मार्कर किती ताकदीचे असतात? समजा एका मार्करचे १० वेगवेगळे आकडे आढळतात. दोन-दोनच्या जोड्या केल्या तर ५५ होतात. असे पाच मार्कर एकत्र घेतले, तर शक्य जोड्या ५० कोटींच्या पुढे जातात. फोन आपला अंगठा ओळखतो, तसं झाड ओळखता येतं. वर त्याचे आई-बाप कोण असू शकतील, आणि दोन डोंगरांवरची झाडं एकमेकांत किती मिसळतात, हेही कळतं. एक सोयही आहे: बागेतल्या सफरचंदासाठी बनवलेले बरेच मार्कर त्याच्या जंगली भाऊबंदांतही चालतात, दर वेळी पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही.

मेंडेल नाकारणारा माणूस

आता परत वाविलोव्ह यांच्याकडे. १९३० च्या दशकात सोव्हिएत शेतीची अवस्था वाईट होती. शेतजमिनी सक्तीने एकत्र केल्या गेल्या आणि १९३२-३३ च्या दुष्काळात लाखो माणसं मेली. स्टालिनला झटपट उत्तर हवं होतं. नवं वाण तयार करायला काही वर्षं लागतात, असं वाविलोव्ह यांचं प्रामाणिक म्हणणं होतं. त्याच वेळी ट्रोफिम लिसेंको नावाचा कृषितज्ज्ञ पुढे आला. बियांना थंडीत ठेवून, त्यांना वेगळी परिस्थिती देऊन त्यांचा स्वभावच बदलता येतो आणि तो बदल पुढच्या पिढीत उतरतो, असा त्याचा दावा होता. मेंडेलचे जीन वगैरे त्याला मान्यच नव्हते.

वाविलोव्ह यांनी सुरुवातीला लिसेंकोला उत्तेजनही दिलं होतं. पण पुराव्याशिवाय मेंडेल सोडायला ते तयार झाले नाहीत. १९३५ मध्ये कृषी विज्ञान अकादमीचं अध्यक्षपद त्यांच्याकडून गेलं आणि १९३८ मध्ये ते लिसेंकोला मिळालं. १९३९ मध्ये एडिंबराला भरलेल्या आंतरराष्ट्रीय जेनेटिक्स परिषदेचे वाविलोव्ह नियोजित अध्यक्ष होते, पण त्यांना देशाबाहेर जाऊ दिलं नाही.

६ ऑगस्ट १९४० रोजी पश्चिम युक्रेनमध्ये चेर्निव्त्सीजवळ ते नमुने गोळा करत होते. तिथूनच त्यांना अटक झाली. हेरगिरी आणि शेतीचं जाणूनबुजून नुकसान केल्याचे आरोप ठेवले. अकरा महिने चौकशी चालली. जुलै १९४१ मध्ये फाशीची शिक्षा सुनावली, आणि १९४२ मध्ये ती कमी करून २० वर्षांचा तुरुंगवास केला. जर्मन फौजा मॉस्कोकडे आल्यावर कैद्यांना सारातोव्हला हलवलं गेलं. तरुणपणी ज्या शहरात ते प्राध्यापक होते, ते हेच सारातोव्ह.

त्यांची पत्नी येलेना बारुलिना स्वतः मसुराच्या पिकाच्या तज्ज्ञ होत्या. त्या आणि मुलगा युरी त्या काळात सारातोव्हमध्येच राहत होते. वाविलोव्ह त्याच गावातल्या तुरुंगात आहेत, हे त्यांना माहीत नव्हतं. २६ जानेवारी १९४३ रोजी वाविलोव्ह गेले, ५५ व्या वर्षी.

बियांच्या पोत्यांमध्ये उपाशी माणसं

त्याच दिवसांत लेनिनग्राडला जर्मन फौजांचा वेढा होता. सप्टेंबर १९४१ ते जानेवारी १९४४, तब्बल ८७२ दिवस. शहरात लाखो माणसं भुकेने मेली. वाविलोव्ह यांच्या संस्थेत मात्र तांदूळ, गहू, मका, शेंगदाणे, सगळं होतं. तिथल्या लोकांनी ते खाल्लं नाही. उंदरांपासून आणि थंडीपासून ते सांभाळत बसले. भुईमुगाचे तज्ज्ञ अलेक्झांडर शुकिन आणि तांदळाचे तज्ज्ञ द्मित्री इवानोव्ह यांच्यासह अनेक कर्मचारी उपासमारीने मेले. इवानोव्ह गेले तेव्हा त्यांच्या देखरेखीखाली तांदळाच्या हजारो पुड्या शाबूत होत्या.

त्यांचे साहेब कुठे आहेत, जिवंत आहेत का, हे त्यांना ठाऊक नव्हतं. त्या काळी बियांच्या पुडीचा बॅकअप घेता येत नव्हता. एकदा खाल्ली की ती जात संपली, एवढं मात्र त्यांना नीट ठाऊक होतं.

१९४८ मध्ये सोव्हिएत संघात जेनेटिक्सवर जवळपास बंदीच आली आणि लिसेंकोचा अंमल १९६० च्या दशकाच्या मध्यापर्यंत टिकला. वाविलोव्ह यांना १९५५ मध्ये निर्दोष ठरवलं गेलं.

मार्करने काय सांगितलं?

अल्माटीच्या रानात अयमाक जंगालियेव यांनी जंगली सफरचंदाचा अभ्यास आयुष्यभर चालू ठेवला. १९८९ पासून अमेरिकन शास्त्रज्ञही त्यांच्या मदतीने तिथे जाऊ लागले. चार मोहिमांत त्यांनी बिया आणि काड्या नेल्या आणि न्यूयॉर्क राज्यातल्या जिनिव्हा गावच्या सरकारी संग्रहात झाडं वाढवली.

२०१० मध्ये गोल्डन डिलिशस जातीचा पूर्ण जीनोम वाचला गेला आणि मध्य आशियातल्या मालुस सिव्हर्सी या जंगली सफरचंदाशी त्याचं नातं स्पष्ट झालं. वाविलोव्ह यांचं बोट योग्य डोंगरावर होतं. मग २०१२ मध्ये आणखी मोठा अभ्यास आला. चीनपासून स्पेनपर्यंतचे ८३९ नमुने आणि २६ मायक्रोसॅटेलाइट मार्कर. त्यातून दिसलं की सफरचंद मध्य आशियातून पश्चिमेकडे गेल्यावर युरोपातल्या जंगली सफरचंदाशी इतकं मिसळलं, की आजच्या बागेतल्या जाती त्या युरोपियन झाडाला जास्त जवळच्या आहेत.

म्हणजे वाविलोव्ह बरोबर होते, पण गोष्ट अर्धी होती. उरलेली अर्धी डोळ्याला दिसणारी नव्हतीच. उगमाच्या केंद्रांचा त्यांचा नियमही आज जसाच्या तसा वापरत नाहीत. जास्त प्रकार असलेली जागा कधीकधी मूळ गाव नसून दोन घराणी एकत्र आल्याची जागा असते, हे आता माहीत आहे. त्यांनी आपला नियम नवीन पुराव्यासाठी उघडा ठेवला होता. लिसेंकोचा दावा तपासणारा माणूस मात्र थेट तुरुंगात जाऊ शकत होता. दोघांतला हा फरक विसरू नये.

आज हे जंगली सफरचंद संकटग्रस्त झाडांच्या जागतिक यादीत आहे. अल्माटी शहर वाढलं, डोंगरउतारावर बागा आणि बंगले आले, चराई वाढली. उरलेल्या रानात बागेतला पराग मिसळतोय. कुठलं झाड अजून अस्सल रानातलं आणि कुठलं मिश्र, हे डोळ्याने ठरवता येत नाही. मार्करने ठरवता येतं. कोणत्या झाडांच्या बिया जपायच्या, हे ठरवायला हाच आधार आहे.

उद्या याहून स्वस्त आणि वेगवान तंत्र येईल, आणि २६ मार्करच्या जागी पूर्ण जीनोम वाचणं रोजचं होईल. पण वाचायला झाड हवं, नाहीतर निदान बी तरी हवी. सेंट पीटर्सबर्गमधली ती संस्था आज वाविलोव्ह यांच्याच नावाने चालते, आणि तिथल्या पुड्या दर काही वर्षांनी पेरून ताज्या केल्या जातात.